विमानापासून एका प्रश्नापर्यंत

एरोस्पेस अभियांत्रिकीतील पीएच.डी. ही संशोधनाची पदवी आहे. विमान का उडते हे बी.टेक.मध्ये शिकवले जाते, एम.टेक.मध्ये तेच अधिक खोलात जाऊन गणिताने मांडायला लावतात. पीएच.डी.त मात्र शिकवणारे फारसे कोणी नसते. आजवर कोणालाही नीट ठाऊक नसलेली एखादी गोष्ट हुडकायची, ती पुराव्यासह लिहायची आणि त्या विषयातील जाणकारांसमोर उभे राहून तिची बाजू लढवायची, एवढेच काम. त्या ‘एवढेच’साठी बहुतेकांची चार ते सहा वर्षे जातात.

विषयाचा पसारा मोठा आहे. प्रवासी विमान, लढाऊ विमान, हेलिकॉप्टर, ड्रोन, क्षेपणास्त्र, रॉकेट, उपग्रह हे सगळे त्यात येते. अभ्यासाच्या सोयीसाठी त्याच्या चार शाखा मानतात. हवेच्या प्रवाहाचा विचार एरोडायनॅमिक्समध्ये होतो, इंजिन आणि ज्वलनाचा प्रोपल्शनमध्ये, सांगाड्याची ताकद आणि कंपने स्ट्रक्चर्समध्ये, तर उड्डाणाचे संतुलन आणि नियंत्रण ही चौथी शाखा. प्रवेश घेताना विद्यार्थ्याला यातली एक शाखा निवडावी लागते आणि तिथून पुढे विषय निमुळता होत जातो. ‘विमान’ या विषयावर पीएच.डी. होत नाही. ‘पंख’ या विषयावरही होत नाही.

हे निमुळते होणे कसे असते ते नागपुरातल्या एका उदाहरणावरून पाहता येईल. प्रताप नगर, खामला, त्रिमूर्ती नगर हा शहराचा नैर्ऋत्येकडचा भाग; सोनेगावचा विमानतळ तिथून जवळच. हा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३१५ मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की तिथल्या एक घनमीटर हवेचे वजन साधारण १.०७ किलो भरते. डिसेंबरच्या पहाटे १० अंशांना तेच १.२ किलोच्या घरात असते. फरक सुमारे ११ टक्के. पंखाला मिळणारी उचल हवेच्या घनतेच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणून तेवढेच वजन उचलायचे तर उन्हाळ्याच्या दुपारी विमानाला सुमारे ६ टक्के जास्त वेग घ्यावा लागतो. त्यातच विरळ हवेत इंजिनाचा जोरही घटतो. परिणामी धावपट्टी जास्त लागते, किंवा वजन कमी करावे लागते.

यात संशोधनासारखे काही नाही. हे सगळे पाठ्यपुस्तकात आहे, वैमानिकाच्या तक्त्यांत आहे. मग त्याच दुपारच्या इंजिनात थोडे आत शिरावे लागते. जेट इंजिनाच्या टर्बाइनमधला वायू इतका तापलेला असतो की पात्याचा धातू वितळून जावा. तो वितळत नाही, कारण पात्याला बारीक भोकांच्या रांगा असतात आणि त्यांतून कॉम्प्रेसरकडची तुलनेने थंड हवा बाहेर येऊन पात्यावर पातळ थरासारखी पसरते. भोके किती आणि कोणत्या कोनात असावीत, यावर अनेक दशके काम झालेले आहे. गोल भोकाऐवजी तोंडाशी पसरट भोक अधिक चांगले, हेही माहीत आहे. आता पुढचा प्रश्न: धुळीच्या प्रदेशात उडणाऱ्या इंजिनात त्या पसरट तोंडाशी धूळ चिकटून त्याचा आकार बिघडला, तर थंड हवेचा थर किती आधी फुटतो? आणि तो फुटल्यावर पात्याच्या नेमक्या कोणत्या जागी तापमान वाढते? इथे आल्यावर पीएच.डी.चा विषय सुरू होतो. बाहेरच्या माणसाला तो हास्यास्पद वाटण्याइतका लहान असतो. संशोधनाला बसलेल्या विद्यार्थ्याचे पहिले वर्ष बहुधा तो लहान करण्यातच जाते, आणि ज्यांना तो वेळेत लहान करता येत नाही त्यांचे काम पुढे रखडते.

या वाटेवरचे पहिले मोठे मराठी नाव विष्णू माधव घाटगे यांचे. १९०८ साली जन्मलेले घाटगे जर्मनीत ग्योटिंगेन विद्यापीठात लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली संशोधनाला गेले आणि १९३६ साली डॉक्टरेट घेऊन परतले. गुरू कोण होते हे लक्षात घेण्यासारखे आहे. वाहत्या हवेचा पृष्ठभागाला खेटून असलेला पातळ थर, ज्याला बाउंडरी लेयर म्हणतात, त्याची कल्पना प्रांटल यांनी १९०४ साली मांडली. तोपर्यंतचे गणित पंखावरचे घर्षण नीट सांगू शकत नव्हते. आधुनिक एरोडायनॅमिक्स त्या एका निबंधावर उभे आहे असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. डिसेंबर १९४२ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विमान अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला. त्याच्या उभारणीत घाटगे होते. पुढे हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या चमूने एचटी-२ हे प्रशिक्षण विमान घडवले. ऑगस्ट १९५१ मध्ये ते उडाले. भारतात आखून भारतातच बांधलेले हे विमान. १९६४ साली उडालेले किरण हे जेट प्रशिक्षण विमानही त्यांच्याच नेतृत्वाखालचे. १९६५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एकाच माणसाच्या आयुष्यात प्रबंध, विद्यापीठातला विभाग आणि प्रत्यक्ष विमान या तिन्ही गोष्टी बसल्या, हे आजच्या काटेकोर वाटण्यांच्या काळात दुर्मीळच.

दुसरे नाव वसंत गोवारीकर यांचे. त्यांची पीएच.डी. बर्मिंगहॅम विद्यापीठातली आणि तीही रासायनिक अभियांत्रिकीत. पण त्यांचे आयुष्यभराचे काम रॉकेटच्या घन इंधनाचे. १९७९ ते १९८५ या काळात ते तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. एरोस्पेसचा संशोधक एरोस्पेसच्या विभागातूनच यावा लागतो असे नाही, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते. धातुशास्त्र, रसायन, इलेक्ट्रॉनिक्स, गणित, संगणक अशा कुठल्याही दारातून या क्षेत्रात शिरता येते.

नागपूरकरांना हा मुद्दा जवळचा वाटायला हरकत नाही. दक्षिण अंबाझरी रस्त्यावरची व्हीएनआयटी ही १९६० साली स्थापन झालेली संस्था प्रताप नगरपासून फार दूर नाही. तिथे मेकॅनिकल, मेटलर्जी, इलेक्ट्रॉनिक्स हे विभाग आहेत, पीएच.डी.ही होते; एरोस्पेस नावाचा स्वतंत्र विभाग मात्र नाही. ज्वलन, उष्णता-वहन, कंपने, मिश्र पदार्थ यांवरचे संशोधन मेकॅनिकल वा मेटलर्जीच्या नावाखाली करता येते आणि त्याचा उपयोग विमानालाच होऊ शकतो. पदवीवर कोणत्या विभागाचे नाव छापले जाईल याची चिंता उमेदवार नको तितकी करतात.

शहरात या विषयाला लागून असलेले उद्योगही आहेत. बोइंग ७८७ ड्रीमलायनरच्या केबिनच्या तळाखालचे आडवे बीम विमानतळाजवळच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात टाटा समूहाच्या कारखान्यात कार्बन फायबरपासून बनवले गेले. एअर इंडियासाठी उभारलेले विमान-दुरुस्ती केंद्रही मिहानमध्येच. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय नागपुरात आहे. हैदराबादच्या स्कायरूट या खासगी रॉकेट कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये ‘कलाम-५’ आणि मे २०२२ मध्ये ‘कलाम-१००’ या घन इंधनाच्या इंजिनांची चाचणी नागपूरच्या सोलार इंडस्ट्रीजच्या आवारात घेतली. मात्र या उद्योगांना रोज लागतात ते कुशल तंत्रज्ञ आणि पदवीधर अभियंते. पीएच.डी. झालेल्यांची गरज तिथे मोजकीच, हे आधीच माहीत असलेले बरे.

तरी संशोधनाचे प्रश्न अशाच ठिकाणांहून निघतात. कार्बन फायबरचा भाग एकावर एक थर रचून, मध्ये रेझिन घालून, दाबाखाली तापवून तयार होतो. दुरुस्तीच्या वेळी त्यावर एखादा पाना पडला तर वरून जेमतेम खळगा दिसतो, पण आतले थर एकमेकांपासून सुटलेले असू शकतात. धातूला पोचा पडला तर तो दिसतो. इथे दिसत नाही, हीच पंचाईत. प्रयोगशाळेत यासाठी ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून नमुन्यावर सोडतात, मग अल्ट्रासाउंडने आतली फट मोजतात आणि शेवटी तोच नमुना यंत्रात दाबून किती भाराला तुटतो ते पाहतात. असे डझनावारी नमुने तोडल्यावर आलेखावर चार ठिपके धड एका रेषेत येतात. मग आकडे का पसरले, याचा शोध सुरू होतो: चिकटवण्यात फरक होता, दमट हवेचा परिणाम होता, की वजनच थोडे तिरपे पडले?

प्रवेशाची वाट ठरलेली आहे. एम.टेक. झालेल्यांना थेट, आणि उत्तम गुण असलेल्या बी.टेक.वाल्यांनाही आता पीएच.डी.ला घेतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असतील तर एम.टेक.शिवाय अर्ज करता येतो. आयआयटींचे नियम त्यांचे स्वतःचे असतात. बहुतेक ठिकाणी गेट या परीक्षेचा स्कोअर मागतात. गेटमध्ये एरोस्पेसचा वेगळा पेपर आहे, तीन तासांचा, १०० गुणांचा, आणि स्कोअर तीन वर्षे चालतो. त्यानंतर लेखी चाचणी किंवा मुलाखत, किंवा दोन्ही. मुलाखतीत पाठांतर फारसे उपयोगी पडत नाही. साधा प्रश्न विचारून उमेदवार विचार कसा करतो ते पाहतात. विमान उलटे उडू शकते, मग पंखाच्या आकारामुळेच उचल मिळते हे कसे, असा प्रश्न आला की अनेक टॉपर अडखळतात.

महाराष्ट्रात यासाठीचे पहिले ठिकाण म्हणजे पवईच्या आयआयटी मुंबईचा एरोस्पेस विभाग. पुण्याजवळ गिरीनगरला संरक्षण खात्याची डीआयएटी ही संस्था आहे. क्षेपणास्त्रे आणि शस्त्रास्त्रांशी संबंधित काम करायचे असेल तर ती सोयीची. राज्याबाहेर बंगळूरचे आयआयएससी, कानपूर, मद्रास आणि खरगपूरच्या आयआयटी, तसेच अवकाश खात्याची तिरुवनंतपुरमची आयआयएसटी. संस्था निवडताना नावाइतकेच, किंबहुना जास्तच, महत्त्व गाईडला द्यावे. गाईडचे गेल्या पाच वर्षांतले निबंध वाचावेत, त्यांच्या हाताखालचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले ते विचारावे, आणि जमले तर त्या विद्यार्थ्यांशी कॅन्टीनमध्ये चहा प्यावा. माहितीपत्रकात न सापडणारी माहिती तिथे मिळते.

पैशांचे गणित असे. आयआयटी-एनआयटीत पूर्णवेळ संशोधकाला जानेवारी २०२३पासून पहिली दोन वर्षे महिन्याला ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. घरभाडे भत्ता नियमाप्रमाणे वेगळा. त्याबदल्यात बी.टेक.च्या प्रयोगशाळा सांभाळणे, उत्तरपत्रिका तपासणे अशी कामे आठवड्याला काही तास करावी लागतात. २०१८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान संशोधन शिष्यवृत्तीत ही रक्कम ७०,००० ते ८०,००० रुपये ठेवली गेली, पण तिथली निवड कडक. बी.टेक.नंतर नोकरीला लागलेला वर्गमित्र एव्हाना फ्लॅटचे हप्ते भरत असतो. त्या तुलनेत संशोधकाची मिळकत तोकडीच. घरातली वडीलमंडळी ‘अजून किती शिकणार?’ विचारतात, तेव्हा त्या प्रश्नात या हिशेबाचाही भाग असतो.

पहिल्या वर्षी कोर्सवर्क असते, त्यानंतर क्वालिफायर. त्यात मूलभूत विषय पुन्हा तपासले जातात आणि नापास झाल्यास बाहेरचा रस्ता धरावा लागू शकतो. आयआयटी मुंबईत प्रत्येक संशोधकासाठी दोन-तीन प्राध्यापकांची समिती असते. तिच्यापुढे दरवर्षी प्रगतीचा सेमिनार द्यावा लागतो. समितीतल्या एखाद्या प्राध्यापकाचा ‘हे आधी कुणी केलेले नाही कशावरून?’ हा प्रश्न बहुतेकांना झोपेतही आठवतो. आयोगाच्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे, पुन्हा नोंदणी केल्यास आणखी दोन. महिलांना आणि दिव्यांगांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे, तसेच महिलांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा.

मधली वर्षे प्रयोगशाळेत किंवा संगणकापुढे जातात. प्रयोगाचे मुख्य साधन म्हणजे विंड टनेल, हवेचा बोगदा. मॉडेल स्थिर ठेवून त्यावरून हवा सोडतात. हवेचा वेग मोजायला हॉट वायर वापरतात: टंगस्टनची सुमारे पाच मायक्रॉन जाडीची, एखादा मिलिमीटर लांबीची तार, केसाच्या दहाव्या हिश्शापेक्षाही बारीक. वीज सोडून ती तापवायची. वारा तिला थंड करतो, ती तापलेली ठेवायला किती व्होल्टेज लागले त्यावरून वेग काढायचा. सेकंदाला हजारो नोंदी मिळतात, त्यामुळे प्रवाहातली खळबळ तिच्यात दिसते. अडचण अशी की खोलीचे तापमान दोन अंशांनी वाढले तरी आकडे सरकतात, आणि बोगद्यात धुळीचा कण आला की तार तुटते. सकाळी केलेले कॅलिब्रेशन दुपारी पुन्हा करावे लागते. नवी तार डागायला सूक्ष्मदर्शकाखाली हात स्थिर लागतो. हे कौशल्य कुठल्याच गुणपत्रिकेत दिसत नाही, आणि ते यायला वर्ष जाते.

संगणकावरचे काम वरून स्वच्छ वाटते. हवेच्या गतीची समीकरणे एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहेत; ती कागदावर सुटत नाहीत म्हणून जागेचे लाखो-कोट्यवधी चौकोन पाडून संगणकाला सोडवायला देतात. या जाळ्याला ग्रिड म्हणतात. ग्रिड बारीक केल्यावर उत्तर बदलले, तर आधीचे उत्तर हे ग्रिडचे होते, हवेचे नव्हते. हे सिद्ध करण्यातच महिने जातात. हवेतली प्रत्येक लहान भोवरी पकडायची तर प्रवासी विमानाच्या पंखासाठी आजचे महासंगणकही अपुरे पडतात, म्हणून खळबळीसाठी अंदाजाची मॉडेले वापरावी लागतात आणि ती कुठे चुकतात हाच पुन्हा अनेकांच्या प्रबंधाचा विषय होतो. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक बनवला. त्या कामाचे प्रमुख विजय भटकर हे नागपूरच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीचे, १९६५चे पदवीधर.

पुराव्याची ही कडक शिस्त महाराष्ट्राला एका वेगळ्या संदर्भात परिचित आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईत चौपाटीवर विमान उडवल्याची कथा आपल्याकडे अभिमानाने सांगतात आणि तिच्याबरोबर ‘वैमानिक शास्त्र’ या प्राचीन म्हणवल्या जाणाऱ्या ग्रंथाचे नाव येते. १९७४ साली आयआयएससीच्या पाच संशोधकांनी त्या ग्रंथातली विमाने उड्डाणाच्या शास्त्रावर तपासली. वर्णन केलेली याने उडण्याजोगी नाहीत आणि ग्रंथ विसाव्या शतकातला आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. अभिमान बाजूला ठेवून आकडे काय म्हणतात ते पाहणे, हीच सवय पीएच.डी.च्या काळात लागायला हवी.

काम पुढे सरकले की निबंध नियतकालिकाकडे पाठवतात. तिथे अनोळखी तज्ज्ञ तो वाचतात, आक्षेप काढतात, कधी सरळ परत पाठवतात. एका निबंधाला वर्ष लागणे नवलाचे नाही. २०२२च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापून आलाच पाहिजे ही अट आयोगाने काढली, पण अनेक संस्था आणि गाईड ती पाळतात. मग सिनॉप्सिस, प्रबंध, बाहेरच्या परीक्षकांचे अहवाल आणि शेवटी व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. व्हायवा खुला असतो. कधी आईवडीलही मागच्या रांगेत येऊन बसतात. चांगल्या परीक्षकाला प्रबंधातल्या यशात फारसा रस नसतो. तुमची पद्धत कुठल्या मर्यादेपर्यंत लागू आहे, हे तो खोदून विचारतो.

सगळेच शेवटपर्यंत पोचत नाहीत. काहींना मध्येच चांगली नोकरी मिळते, काहींचा प्रयोग चालतच नाही, काहींचे गाईडशी पटत नाही. मध्येच सोडणे हा कलंक मानण्याची आपल्याकडची सवय सोडायला हवी; एम.टेक. घेऊन बाहेर पडण्याची सोय काही संस्थांत असते आणि ती वापरणे शहाणपणाचे ठरू शकते. नोकरी सांभाळून पीएच.डी. करणारेही पुष्कळ असतात. डीआरडीओ, इस्रो, हवाई दल आपल्या अधिकाऱ्यांना पुरस्कृत करून पाठवतात. त्यांचा प्रश्न बहुधा आधीच पक्का असतो.

परदेशी जाण्याचा मार्ग आहेच. अमेरिकेत पीएच.डी.ला फी माफ होऊन वर मानधन मिळते. तिथे एक अडचण मात्र उमेदवारांना उशिरा कळते. रॉकेट, क्षेपणास्त्र, उपग्रह यांवरचे पुष्कळ काम निर्यात-नियंत्रणाच्या कायद्यांखाली येते, त्यामुळे अमेरिकी नागरिक वा ग्रीन कार्डधारक नसलेल्यांना काही प्रकल्प आणि बऱ्याच कंपन्यांची दारे बंद असतात. पदवी हातात येते, पण ज्या कंपनीचे स्वप्न पाहून विमानात बसलो ती अर्जच घेत नाही. म्हणून तिकडे जाणारे अनेक जण द्रवगतिकी, नियंत्रण, संगणन असे सर्वत्र चालणारे विषय धरतात.

भारतात पीएच.डी.नंतरच्या वाटा तीन-चार आहेत. प्राध्यापकी हवी असेल तर पदवीनंतर दोन-तीन वर्षे पोस्ट-डॉक करावी लागते. आयआयटीत त्याशिवाय अर्जाला वजन येत नाही. इस्रोत पीएच.डी. झालेल्यांसाठी ‘एसडी’ श्रेणीची थेट भरती असते, डीआरडीओ आणि बंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजमध्येही जागा निघतात. २०२०नंतर अवकाश क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये स्कायरूटचे विक्रम-एस हे रॉकेट उडाले. भारतातले ते पहिले खासगी रॉकेट. ज्वलन, संरचना, मार्गदर्शन यांत सखोल काम केलेल्यांना अशा कंपन्या आता विचारू लागल्या आहेत. तिथे प्रबंधाचा विषय क्वचितच जुळतो. मुलाखतीत पाहतात ते हे की, आजवर कुणी न सोडवलेला प्रश्न समोर आला तर हा माणूस पहिल्या सोमवारी सकाळी नेमके काय मोजायला घेईल.